सिराह-ग्रेनाश-मूर्वेद्र: पहिली बाटली चाखून बाकीच्या किती वर्षं ठेवायच्या ते कसं ठरवावं

दक्षिण फ्रान्समधल्या लांगदॉक आणि रोनच्या खोऱ्यात सिराह, ग्रेनाश आणि मूर्वेद्र या तीन द्राक्षांच्या मिश्रणाची रेड वाइन बनते. सिराह म्हणजे नाशिकच्या बाटल्यांवर ‘शिराझ’ लिहिलेली असते तीच जात. अशी वाइन मुरेल का आणि किती वर्षं, हे लेबल सांगत नाही, किंमत तर मुळीच नाही. म्हणून एकाच सालाच्या किमान ३ बाटल्या घ्या, जमलं तर ६. पहिली लगेच उघडा. बाकीच्यांचं काय करायचं ते तिच्यावरून ठरवा.

तापमान आधी

ही वाइन १६ ते १८ अंशांना चाखायची. पुस्तकांतलं ‘रूम टेम्परेचर’ आपल्याकडच्या खोलीला लागू नाही. ३० अंशांच्या खोलीतली बाटली फ्रिजमध्ये सव्वा ते दीड तास ठेवा. वाइन गरम असेल तर नाकात फक्त अल्कोहोल जातं, फार थंड असेल तर वास मिटतो आणि तुरटपणा कडूपणाकडे झुकतो. ग्लास तोंडाशी निमुळता हवा. त्यात ६० ते ७५ मिली, म्हणजे ग्लासच्या तिसऱ्या भागाहून कमीच ओता. आधीच्या तासाभरात कॉफी, पान, मसालेदार जेवण नको.

बघा, मग हुंगा

ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरून कडेचा रंग पाहा. जांभळी-निळसर कड म्हणजे वाइन तरुण आहे. विटकरी झाक म्हणजे ती बरीच मुरली आहे किंवा उन्हात तापली आहे. मात्र ग्रेनाशचा रंग मुळातच फिका आणि लवकर विटकरी होणारा, त्यामुळे तिचं प्रमाण जास्त असेल तर नुसत्या रंगावर निकाल देऊ नका.

पहिला वास ग्लास न हलवता घ्या. सिराहमध्ये इथे हमखास फसगत होते. ही जात हवेविना कोंडली की गंधकाचे वास धरते: ओढलेली काडी, रबर, कधी सडक्या अंड्याची छटा. लगेच बाटली खराब ठरवू नका. वाइन रुंद भांड्यात ओता आणि अर्धा ते एक तास थांबा. वास उडाला तर प्रश्न मिटला. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा कुबट वास हवेत उलट वाढत जातो. तो बुचाचा दोष, त्यावर उपाय नाही. नेलपॉलिश रिमूव्हरचा वास भसकन आला तरी बाटली गेलीच समजा.

वाइन निर्दोष असेल तर ग्लास फिरवून पुन्हा हुंगा. काळी मिरी, काळे ऑलिव्ह, जांभूळ, धूर हे सिराहचे वास. मिरीचा वास रोटंडोन नावाच्या रेणूमुळे येतो आणि थंड जागी पिकलेल्या द्राक्षांत तो जास्त असतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधनात साधारण पाचातल्या एकाला तो ओळखताच आला नाही. शेजारच्याला मिरी येते आणि तुम्हाला नाही, तर तुमचं काही चुकलेलं नाही. ग्रेनाशकडून स्ट्रॉबेरीसारखी लाल फळं आणि अल्कोहोलची ऊब येते, मूर्वेद्रकडून कातड्याचा वास आणि भक्कम टॅनिन, म्हणजे तोंड आवळणारा तुरट घटक.

घोट

१० ते १५ मिलीचा घोट घ्या, ८-१० सेकंद तोंडात फिरवा, ओठांतून थोडी हवा आत ओढा आणि थुंका. थुंकायला संकोच वाटतो, पण तिसऱ्या ग्लासानंतरचं मत टिपून ठेवण्यालायक राहत नाही. चार गोष्टी वेगवेगळ्या तपासा. टॅनिन हिरड्यांवर कळतं: कच्चं जांभूळ चावल्यावर तोंड आवळतं तसं. आंबटपणा असेल तर थुंकल्यावर तोंडाला पाणी सुटतं. अल्कोहोल घशात ऊब देतं. फळाची चव थुंकल्यावर किती सेकंद टिकते ते मोजा.

मुरवण्याजोग्या वाइनमध्ये टॅनिन आणि आंबटपणा ठसठशीत हवेत आणि त्यांच्यामागे फळही भरपूर हवं. कोरडं टॅनिन आहे पण फळ नाही, अशी वाइन दहा वर्षांनीही कोरडीच राहते. काळ टॅनिन मऊ करतो, फळ वाढवत नाही.

दोन दिवसांची परीक्षा

उरलेली अर्धी बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी पाऊण तास आधी बाहेर काढून चाखा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. २४ तासांत चव सपाट झाली किंवा सफरचंद कापून ठेवल्याचा वास आला, तर बाकीच्या बाटल्या वर्षभरात संपवा. दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाइतकीच किंवा जास्त चांगली लागली तर ३ ते ५ वर्षं निर्धास्त. ४८ तासांनीही फळ ताजं असेल तर ८-१० वर्षांचा विचार करा. हवेतली दोन दिवसांची झीज ही बुचामागच्या वर्षांची हुबेहूब नक्कल नाही, पण घरी करता येण्यासारखी याहून चांगली कसोटी नाही.

ढोबळ अंदाजासाठी: रोनच्या खोऱ्यातली साधी वाइन, म्हणजे कोत-द्यु-रोन, सालापासून २ ते ५ वर्षं, तिथल्या चांगल्या गावांच्या वाइन ५ ते १०. त्याच खोऱ्यातली, जवळपास निव्वळ सिराहची एर्मिताज उत्तम सालातली असेल तर २० वर्षंही सहज जाते. नाशिकच्या रोजच्या शिराझ-मिश्रणाला थांबवू नका, ती २-३ वर्षांतच खुलून दिसते.

ठेवायची कुठे

१२ ते १४ अंश, अंधार, ६० ते ७० टक्के आर्द्रता, बुचाची बाटली आडवी. सगळ्यात मोठा शत्रू चढउतार. नागपूर-पुण्याच्या मे महिन्यात वाइन फुगून बूच वर ढकलते आणि गार झाली की हवा आत ओढते. टोपणाखाली चिकट ओघळ दिसला किंवा बूच काचेच्या वर आलं, तर ती बाटली आधी उघडा. तापलेल्या वाइनला शिजवलेल्या जॅमचा वास येतो. स्वयंपाकघरातला माळा आणि फ्रिजचा वरचा भाग या सर्वांत वाईट जागा. साध्या फ्रिजमध्ये काही महिने चालतं, वर्षानुवर्षं नाही, कारण कोरड्या हवेत बूच आकसतं. १३ अंशांवर लावलेला वाइन कूलर हाच खरा मार्ग, आणि तो भरलेला असला की वीज गेल्यावर तापमान हळू चढतं. कूलर नसेल तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत संपेल एवढंच घ्या. पावसाळ्यात लेबलवर आलेली बुरशी वाइनला बाधत नाही.

पुढच्या बाटल्या

दुसरी बाटली ठरवलेल्या मुदतीच्या मध्यावर उघडा आणि पहिल्या वेळची टिपणं शेजारी ठेवा. वास गप्प आणि टॅनिन अजून कडक, असं लागलं तर घाबरू नका. काही वर्षं अशी मिटून जाणं या मिश्रणात नेहमीचं आहे. पण फळ मावळून नुसता आंबटपणा आणि अल्कोहोल उरला असेल तर उरलेल्या बाटल्या लगेच प्या.

७-८ वर्षांपुढची बाटली उघडण्याआधी २४ ते ४८ तास उभी ठेवा. रंगद्रव्य आणि टॅनिन एकत्र येऊन बनलेला गाळ तळाशी बसतो. मानेमागे टॉर्च धरून, मध्ये न थांबता, सावकाश भांड्यात ओता. गाळाची काळी रेघ मानेशी आली की थांबा, तळातले ३०-५० मिली सोडून द्या. तरुण वाइनला भांड्यात एक-दोन तास मिळाले तर ती खुलते. जुनीला एवढी हवा सोसत नाही, ती गाळ वेगळा केल्यावर लगेच ग्लासात घ्या आणि त्याच संध्याकाळी संपवा.