प्रोग्रामिंग भाषेचे स्पेसिफिकेशन वाचताना

प्रोग्रामिंग भाषेचे स्पेसिफिकेशन, म्हणजे त्या भाषेचे नियम नेमकेपणाने सांगणारा दस्तऐवज, प्रथमच वाचणार असाल, तर सी प्लस प्लसच्या दीड हजारांहून अधिक पानांच्या मानकाला हात घालण्याआधी, स्कीम भाषेचा १९९८ सालचा जेमतेम ५० पानांचा अहवाल किंवा एकाच वेबपानावर मावणारे गो भाषेचे स्पेसिफिकेशन सावकाश, अथपासून इतिपर्यंत वाचावे. मोठी मानके मात्र शब्दकोशासारखी वापरावीत. मनात नेमका प्रश्न धरून तेवढेच कलम काढावे. गोमध्ये मॅपवर (किल्ली आणि मूल्य अशा जोड्यांच्या संग्रहावर) लूप चालवून नोंदी एकेक करून घेतल्यास त्या कोणत्या क्रमाने येतील, हा असाच एक प्रश्न. तो क्रम ठरलेला नाही, असे गोच्या स्पेसिफिकेशनमध्ये स्वच्छ लिहिले आहे. त्यामुळे चाचणीत एखादा क्रम दिसला तरी त्यावर विसंबू नये. ‘ठरलेले नाही’ असे सांगणारी ही वाक्ये मला सर्वांत मोलाची वाटतात. ती दिसताच खूण करून ठेवावी.