मका पेरायच्या आधी शेजारच्यांशी बोलून घ्या, लष्करी अळी एकट्याने आवरत नाही

पेरणी तोंडावर आलीये, तर बी-खताच्या गडबडीत एक काम आधी उरका. आजूबाजूला ज्यांचा ज्यांचा मका असणारे त्या सगळ्यांनी बसून तारीख ठरवा, आठ-दहा दिवसांच्या आत सगळ्यांचं पेरून झालं पाहिजे. अमेरिकन लष्करी अळीला कोवळा पोंगा (शेंड्याची गुंडाळलेली पानं) लागतो आणि कुणाचा आज कुणाचा महिन्याने असा मागंपुढं मका असला की तिची सीझनभर सोय होते, गरम हवेत तिची एक पिढी साधारण महिन्याभरात पुरी होते म्हणजे पहिल्याच्या रानातले पतंग बरोबर उशिरा पेरणाऱ्याच्या मक्यावर.

आणि विषय नुसत्या गावापुरता नाहीये. या अळीचाच पुढं पतंग होतो आणि तो एका रात्रीत १०० किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. २०१६ ला आफ्रिकेत सापडला, २०१८ ला भारतात, २०१९ ला चीन, २०२० ला ऑस्ट्रेलिया! त्यामुळे लांबच्या गावातले, पलीकडच्या जिल्ह्यातले मका करणारे पण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये घ्या, त्यांच्याकडं पतंग वाढले की आपल्याला आधीच कळतं.

उगवण झाली की कामगंध सापळे (मादीच्या वासाने पतंग ओढणारे) लावा, एकरी ५, आणि किती पतंग पडले ते ग्रुपवर टाकत जा. शून्य असलं तरी टाका. सापळ्यात फक्त नर येतात, त्यामुळे सापळा लावला म्हणजे काम झालं असं नाही, रानात फिरावंच लागतं. पाच ठिकाणी २०-२० झाडं बघा. पानावर लव असलेला अंड्यांचा पुंजका दिसला तर तिथंच चुरगाळा. पानं खरवडल्यासारखी पांढुरकी दिसली तर अळी बारीक आहे, हीच वेळ, शंभरात ५ झाडं अशी निघाली की ५ टक्के निंबोळी अर्क मारा. बरेच जण फोटो टाकतात तेव्हा पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी विष्ठा साचलेली असते, डोक्यावरचा उलटा वाय आणि शेपटाकडचे चौकोनातले चार ठिपके पण स्पष्ट दिसतात, आता एवढी मोठी अळी आत बसल्यावर औषध तिच्यापर्यंत पोचणार कसं?

शेजाऱ्याने ट्रायकोग्रामा (किडीची अंडी मारणारे बारीक मित्रकीटक) सोडले असतील तर त्याला न विचारता रासायनिक फवारणी करू नका, त्याचे मित्रकीटक मरतात. रासायनिक घ्यायचीच वेळ आली तर लेबल बघून, संध्याकाळी, पोंग्यात जाईल अशी घ्या, आणि सगळ्या भागाने तेच तेच औषध परत परत मारू नका, अळी दाद देईनाशी होते.

काढणी झाली की आपोआप उगवलेला मका सगळ्यांनी उपटून टाका आणि रान नांगरून घ्या, कोष जमिनीत वरच्या २ ते ८ सेंटिमीटरमध्येच असतात, उघडे पडले की पक्षी वेचतात.