कीबोर्डवरील रिकाम्या कळांना माउसच्या बटणांचे काम

माउसचे डावे बटण झिजून एका दाबात दोनदा क्लिक होऊ लागले असेल, किंवा दिवसभर क्लिक करून तर्जनी दुखत असेल, तर पॉइंटर हलवण्याचे काम माउसकडेच ठेवून क्लिक करण्याचे काम दुसऱ्या हाताकडे सोपवता येते. त्यासाठी कीबोर्डवरची क्वचित लागणारी एखादी कळ पुरते. मात्र बटण दाबणे आणि ते सोडणे या दोन स्वतंत्र घटना आहेत, आणि मजकूर निवडणे किंवा फाइल ओढून नेणे हे त्या दोहोंमधल्या काळातच घडते. म्हणून या दोन्ही घटना संगणकापर्यंत पोहोचतील अशीच कळ निवडावी.

माउस उजव्या हातात असेल, तर माझ्या मते कॅप्स लॉकइतकी सोयीची कळ दुसरी नाही, कारण ती डाव्या करंगळीशेजारीच असते. माउस डाव्या हातात असेल, तर उजवी कंट्रोल आणि मेन्यू या कळा उपयोगी पडतात. पॉझ ही कळ मोकळी दिसली तरी टाळावी: जुन्या पीएस/२ (गोल प्लगने जोडायच्या) कीबोर्डवर ती सोडल्याचा संकेतच पाठवला जात नाही, त्यामुळे तिच्यावर ओढण्याची क्रिया बसवता येत नाही. लॅपटॉपवरील एफएन कळ बहुधा कीबोर्डच्या आतच हाताळली जाते, तर उजव्या ऑल्ट कळीवर अनेक भाषांच्या मांडणीतील जादा अक्षरे असतात.

विंडोजवर ऑटोहॉटकी हे मोफत साधन घ्यावे. नोटपॅडमध्ये एका ओळीत आधी कळीचे नाव, मग सलग दोन कोलन आणि त्यापुढे बटणाचे नाव रोमन लिपीत लिहावे. डाव्या बटणासाठी एल, उजव्यासाठी आर आणि मधल्यासाठी एम या अक्षराला बटन हा इंग्रजी शब्द जागा न सोडता जोडावा. फाइल एएचके या विस्ताराने जतन करून तिच्यावर डबल क्लिक केले की बदल लागू होतो. त्याआधी कॅप्स लॉक बंद आहे ना, हे पाहून घ्यावे, कारण नंतर त्या कळीने तो बंद करता येणार नाही. कोलनपुढे बटणाचे नाव देण्याऐवजी क्लिकची आज्ञा लिहिण्याचा मोह टाळावा, कारण तशा मांडणीत कळ दाबून धरल्यावर कीबोर्डच्या पुनरावृत्तीमुळे क्लिकमागून क्लिक होत राहतात. बटणाचे नाव दिल्यास ही पुनरावृत्ती आपोआप रोखली जाते.

मॅकवर हेच काम कॅराबिनर-एलिमेंट्स करते आणि लिनक्सवर कीडी. काहीच इन्स्टॉल करायचे नसेल, तर विंडोजमध्ये डावी ऑल्ट, डावी शिफ्ट आणि नम लॉक एकत्र दाबून माउस कीज सुरू करता येतात. त्यात अंकपट्टीवरील ५ ने क्लिक होते, शून्याने बटण धरून ठेवले जाते आणि दशांश चिन्हाने ते सुटते. माउस हलवणेच ज्यांना जड जाते, त्यांच्यासाठी ही सोय मोलाची आहे, कारण अंकपट्टीवरील बाकीच्या अंकांनी पॉइंटरही सरकतो.

बदल केल्यावर एक परिच्छेद ओढून निवडून पाहावा, मग कंट्रोल धरून दोन-तीन फाइली निवडाव्यात आणि शेवटी डबल क्लिक तपासावे. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या खिडकीत नवी कळ निष्प्रभ ठरली, तर ऑटोहॉटकीची फाइलही त्याच अधिकाराने चालवावी लागते.