‘मला जमणारच नाही’ मधला ‘च’ कसा काढावा

“माझं गणित कच्चंच आहे.” हे वाक्य मी सातवीपासून सेहेचाळिशीपर्यंत जपलं. सातवीत बाईंनी पेपर हातात देताना ते वर्गासमोर म्हटलं होतं. पुढे घरखर्चाची वही नवऱ्याकडे सोपवताना, बँकेचे फॉर्म दुसऱ्याकडून भरून घेताना मी तेच म्हणत राहिले. नोकरी सुटली, थालीपिठाची भाजणी करून विकावी असं मनात आलं, तेव्हा भांडवलाच्याही आधी हेच वाक्य आडवं आलं.

चाळिशी-पन्नाशीत नवं काही करू पाहणाऱ्या बहुतेकांकडे असं एखादं वाक्य असतं. ते सैल कसं करायचं, हे मला ज्या क्रमाने उमगलं त्या क्रमाने सांगते.

आधी वाक्य पकडा

एक वही घ्या आणि मनात उमटतं तसंच लिहा. “आत्मविश्वास कमी आहे” असं गुळगुळीत काही नको. “या वयात मला कोण दारात उभं करणार?”, “आपल्या घराण्यात कुणी धंदा केलाच नाही”, “मला इंग्रजी बोलता येणारच नाही”, असं लिहा. मग त्यातल्या ‘च’भोवती गोल करा. ‘च’ नसेल तर ‘कधी’, ‘कुणी’, ‘कोण’ शोधा. तिथेही तोच ठामपणा लपलेला असतो.

अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती नेमकी इथे बोट ठेवते. घटनेपेक्षा तिच्याबद्दलची आपली हट्टी समजूत आपल्याला जास्त अडवते, असं ती सांगते. मराठीत तो हट्ट बऱ्याचदा एका अक्षरात सापडतो. ‘च’ काढून वाचा: “माझं गणित कच्चं आहे.” आता विचारता येतं, कुठलं गणित? किती कच्चं?

वाक्य पहिल्यांदा कुणी आणि कधी म्हटलं, तेही शेजारी लिहा. माझं वाक्य बारा वर्षांच्या मुलीबद्दल होतं.

खरी अट कुठली, ते विचारून या

सगळ्याच अडचणी मनाच्या नसतात. राज्यसेवा परीक्षेला वयोमर्यादा आहे, घराचा हप्ता दर महिन्याला जातो, गुडघे दुखतात. त्यांना धीराच्या गोष्टी सांगून उपयोग नाही. त्या धरूनच आखणी करायची. पण काही अटी आपण नुसत्या गृहीत धरलेल्या असतात. एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावी-बारावी करायला कमाल वयाची अट नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेची कमाल वयोमर्यादा २०२२ मध्ये काढून टाकली. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा भरली आणि साठी ओलांडलेल्या बायका गुलाबी लुगडी नेसून पाटी गिरवायला बसल्या. म्हणून तर्क करत बसू नका. फोन करा, जाऊन विचारा.

आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोला. आजारपणाला स्वभावदोष समजून स्वतःला दामटवू नये.

लहानशी चाचणी घ्या

माझ्या मते सगळं इथे ठरतं. समजुतीशी वाद घालून ती जात नाही, तिच्याकडे हजार उत्तरं तयार असतात.

दादासाहेब फाळक्यांनी छापखाना सोडला तेव्हा ते चाळिशीत होते. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी लगेच हरिश्चंद्राचा पसारा मांडला नाही. आधी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचा वेल कसा वाढतो, ते रोज थोडं थोडं चित्रित केलं. ती चिमुकली फिल्म पाहून पैसे लावणाऱ्यांचा विश्वास बसला. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने कामी आले आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला.

तुमचा वाटाणा कुठला, ते ठरवा. मुदत दोन-तीन आठवडे. पैसे बुडाले तरी घरखर्चाला धक्का लागणार नाही, इतकेच. आणि सुरू करण्याआधी वहीत लिहा: माझी समजूत खरी असेल तर काय होईल?

मी लिहिलं, “हिशेब चुकेल.” मग अर्ध्या किलोची दहा पाकिटं केली आणि ओळखीच्या घरांत विकली. पैसे मोजले तर खरंच तोटा. वही घेऊन पुन्हा बसले. बेरीज बरोबर होती, भागाकारही बरोबर होता. धान्यं भाजायला लागलेला गॅस आणि गिरणीचे पैसे मात्र धरलेच नव्हते. माझे स्वतःचे तास तर कुठेच नव्हते. म्हणजे इतकी वर्षं ज्याला भीत होते ते गणित ठीक होतं. घरात केलेल्या कामाला किंमत लावायची सवय नव्हती. हे चाचणीशिवाय मला कधी कळलं नसतं. तुमच्याही चाचणीत हाच भाग नीट पाहा: चूक झाली ती तुमच्या वाक्यातलीच होती, की वेगळीच?

घरात वेळ मागा

“मी आता बदलणार आहे” असं जाहीर केलं की घर घाबरतं. त्याऐवजी वेळ सांगा. मी एवढंच म्हटलं, “अहो, मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी मी भाजणीत असेन. डबे तुम्ही भरा.” पहिले दोन आठवडे कुरकुर झाली, मग डबे भरले जाऊ लागले. चालू नोकरी सोडायची असेल तर निदान सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत थांबा, ही विनंती. पोटाची काळजी मागे लागली की चाचणीतली साधी चूकही शेवट वाटते.

मग वाक्य पुन्हा लिहा

उलट टोकाचं लिहू नका. “माझं गणित उत्तम आहे” हे माझ्या मनाने कधी मानलं नसतं. दुसऱ्या चाचणीत गॅस, दळण, पिशवी आणि तासाला ठरवलेली माझी मजुरी धरून भाव काढला. दोन गिऱ्हाईकं गेली, बाकीची राहिली. त्या रात्री जुन्या वाक्याखाली लिहिलं: “माझं गणित सावकाश चालतं. भागाकार दोनदा तपासते. मजुरी आधी लिहिते.”