केबल उलटी निघाली
शहापुरातल्या घरी जुन्या पीसीचा सर्व्हर केलाय. त्यात आजोबांच्या मोडीतल्या कागदांचे स्कॅन आहेत, ते जपायलाच हवेत. साटा पोर्ट (डिस्क जोडायच्या जागा) संपले म्हणून ८ डिस्कचं वापरलेलं एचबीए कार्ड (जास्तीच्या डिस्क जोडायचं कार्ड) घेतलं. कार्ड दिसतंय, डिस्क एकही नाही!

दोन रात्री कार्डाचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) तपासण्यात गेल्या. ते आयटी मोडचंच होतं. डिस्कवरच्या फाइल्स सांभाळणाऱ्या झेडएफएसला तेच लागतं, मध्ये रेड (अनेक डिस्क मिळून एकच दाखवणारी सोय) न येता डिस्क थेट दिसतात. मग केबलवरचं बारीक लेबल वाचलं: रिव्हर्स ब्रेकआउट, म्हणजे एका जोडणीचे अनेक फाटे करणारी, पण उलट दिशेची केबल. कार्डाकडून डिस्ककडे फॉरवर्डच लागते, दिसायला दोन्ही सारख्याच. बदलली, डिस्क लगेच आल्या.

कार्डाच्या हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाला) मात्र बोट टेकवेना. ही कार्डं सर्व्हरमधल्या जोरदार वाऱ्यासाठी बनलेली असतात. ४० मिमीचा पंखा झिप-टायने बांधला, आता हात ठेवता येतो.