ॲनालॉगची लॅब: इंदूरच्या नव्या पोरांसाठी थोडं अनुभवाचं

इलेक्ट्रॉनिक्सला ॲडमिशन झाली की राजेंद्र नगरातली पोरं दरवर्षी हेच विचारत येतात, दादा ॲनालॉग फार कठीण आहे का, गाइड कोणती घेऊ. गाइड कोणतीही घ्या, पास व्हाल. पण सर्किट डिझाइन करता यायला हवं असेल तर ते लॅबमध्येच येतं, आणि तेही एका अटीवर, सप्लाय ऑन करायच्या आधी कुठे किती व्होल्ट यायला पाहिजेत ते वहीत लिहिलेलं हवं. आधी लिहायचं, मग मोजायचं, आणि दोन्ही जुळले नाहीत की घरी जायचं नाही.

बहुतेक कॉलेजांत ट्रेनर किट असतात, सगळं आतून जोडलेलं, तुम्ही चार पॅच कॉर्ड लावायच्या, रीडिंग घ्यायची आणि फाइल सीनियरच्या फाइलवरून उतरवायची. त्यात शिकण्यासारखं जवळजवळ काही नसतं, कारण सगळ्या व्हॅल्यू आधीच कुणीतरी ठरवलेल्या असतात. प्रॅक्टिकल संपल्यावर थांबा आणि ब्रेडबोर्ड मागा. आमच्या लॅबमधले काका वैतागायचे पण द्यायचे, आणि सर्किट चालत नाही म्हणून कोणी तोंड पाडून बसलं की ठरलेलं वाक्य, "पहले सप्लाई नापो, फिर रोना."

सुरुवात एका ट्रान्झिस्टरच्या कॉमन एमिटर ॲम्प्लिफायरपासून करा. १२ व्होल्ट सप्लाय, बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, कलेक्टरला ४.७ के (किलोओहम), एमिटरला १ के, बेसला वरून ५६ के आणि खालून १० के. आता वहीत काय येईल बघा, बेसवर साधारण १.८ व्होल्ट, त्यातून ०.७ गेले की एमिटरवर १.१, म्हणजे करंट १.१ मिलीॲम्प, म्हणजे कलेक्टरवर ६.८ च्या आसपास. यात बीटा, म्हणजे ट्रान्झिस्टरचा करंट गेन, कुठे आला? नाहीच आला, आणि तीच तर गंमत आहे, कारण बीसी ५४७ चा बीटा ११० पासून ८०० पर्यंत काहीही असू शकतो, त्याच्या भरवशावर सर्किट बसवलं की एका पीसवर चालेल आणि दुसऱ्यावर चालणार नाही. सिग्नल द्यायच्या आधी फक्त मल्टीमीटरने हे तीन व्होल्टेज बघा. कलेक्टरवर पूर्ण १२ दिसले तर ट्रान्झिस्टर ऑफ आहे, कलेक्टर आणि एमिटरमध्ये ०.२ उरले असतील तर सॅच्युरेट झालाय, सीआरओला (ऑसिलोस्कोपला) अजून हात लावायची गरजच नाही.

डीसी जुळलं की एमिटरच्या १ के ला समांतर कॅपॅसिटर लावा, गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) २०० च्या जवळ जातो, कॅपॅसिटर काढला की ५ च्याही खाली. आता तिथे १० मायक्रोफॅरड लावून १०० हर्ट्झ देऊन बघा, गेन कुठे गेला? पोरं म्हणतात कॅपॅसिटर खराब आहे. खराब नाहीये, त्याला दिसणारा रेझिस्टन्स १ के नसून ट्रान्झिस्टरच्या आतला २४ ओहम आहे, त्यामुळे कटऑफ (ज्याच्या खाली गेन पडायला लागतो ती फ्रिक्वेन्सी) ६५० हर्ट्झच्या वर जातो, १०० मायक्रोफॅरड लावले की ६५ वर येतो. मग तशीच दुसरी स्टेज पहिलीच्या आउटपुटला जोडा, कागदावर २०० गुणिले २०० म्हणजे ४०,००० व्हायला पाहिजे पण पहिल्या स्टेजचा गेन ८० च्या आसपास येऊन बसतो, कारण दुसरीचा इनपुट रेझिस्टन्स जेमतेम ३ के असतो आणि तो पहिलीला लोड करतो. लोडिंग हा शब्द वर्गात सगळ्यांनी ऐकलेला असतो, कळतो तो इथे.

सीआरओचं थोडक्यात सांगतो. प्रोबचा स्विच दहापटवर (१०एक्स) ठेवा आणि आधी कॅलिब्रेशनच्या स्क्वेअर वेव्हवर कॉम्पेन्सेट करा, एकपटवर ठेवलेला प्रोब केबलसकट शंभरेक पिकोफॅरड तुमच्या सर्किटवर लादतो. प्रोबची काळी क्लिप मेनच्या अर्थला जोडलेली असते, त्यामुळे ती वाटेल तिथे लावायची नाही. आयसीच्या सप्लाय पिनांजवळ ०.१ मायक्रोफॅरड लावायला कंटाळू नका, ब्रेडबोर्डवर नाही लावला तर ॲम्प्लिफायर कधी ऑसिलेटर होईल सांगता येत नाही (आणि बनवायला घेतलेला ऑसिलेटर मात्र ऑसिलेट करत नाही, हा आपल्या धंद्याचा नियमच आहे).

७४१ या ऑप-ॲम्पला लोक आता जुनाट म्हणतात, १९६८ चा फेअरचाइल्डचा आयसी आहे, जुना आहेच. पण शिकायला मला तोच आवडतो कारण त्याचे दोष साध्या डोळ्यांनी दिसतात. १० चा गेन ठेवा, १ व्होल्ट पीकची साइन द्या आणि २० किलोहर्ट्झला जा. बँडविड्थचं गणित म्हणतं १०० किलोहर्ट्झपर्यंत चालेल, आणि स्क्रीनवर चक्क त्रिकोण दिसतो, तोही १० ऐवजी ६ व्होल्ट पीकचा. स्लू रेट ०.५ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद, आउटपुट त्याहून जोरात पळूच शकत नाही. मग त्याच जागी टीएल ०८१ हा जास्त स्लू रेटचा ऑप-ॲम्प लावा, साइन परत येते.

सिम्युलेशन जरूर करा, आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रोजेक्टचं ईसिम हे सर्किट सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पण ब्रेडबोर्डच्या आधी करा, ऐवजी नाही. आणि ॲनालॉगला नोकऱ्या कुठेत म्हणणाऱ्यांनी कॅट रोडने पुढे जाऊन बघावं, तिथल्या आरआरकॅट या संशोधन केंद्रातल्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनमध्ये २.५ जीईव्हीचे इलेक्ट्रॉन फिरतात आणि त्यांना वळवणाऱ्या मॅग्नेटचा करंट स्थिर ठेवणं हे फीडबॅकचंच काम आहे.

पार्ट जेल रोडला मिळतील. रेझिस्टर सुटे नका घेऊ, एका व्हॅल्यूचे मूठभर घ्या. बीसी ५४७ ची सपाट बाजू समोर धरली तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर येतात, प्लास्टिकच्या पीएन २२२२ ट्रान्झिस्टरमध्ये बरोबर उलटं, दुकानदार एकाच्या जागी दुसरा सहज देतो, तेव्हा घरी आल्यावर मल्टीमीटरच्या डायोड मोडवर बघा, बेस-एमिटरचं रीडिंग बेस-कलेक्टरपेक्षा किंचित जास्त येतं, त्यावरून पिना ओळखून मगच बोर्डावर लावा.