तिकीट काढायच्या आधी सासरचं मूळ गाव

माझं माहेर डोंबिवली, सासर अमेरिकेतल्या मिलवॉकीजवळचं. लग्न ठरलं तेव्हा आईने व्हिडिओ कॉलवर सासऱ्यांना पहिला प्रश्न टाकला, तुमचं मूळ गाव कुठलं? सासरे एकदम अभिमानाने म्हणाले, जर्मनी. आई मला मराठीत म्हणाली, अगं जर्मनी हे काय गाव झालं का? तेव्हा मी तिला गप्प केलं होतं, पण आता नवऱ्याच्या खापरपणजोबांचा माग काढताना कळतंय की तिकडे जायची सगळी तयारी त्या एका प्रश्नापाशीच येऊन थांबते. जर्मनीत जुन्या नोंदी देशाच्या नावाने लागत नाहीत, गावाच्या नावाने लागतात. आमच्या ग्रुपमधल्या दोघीतिघींचं पण असंच सासर आहे आणि त्या विचारतायत काय काय लागतं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

पहिलं काम घरातच करायचं, अमेरिकेतच. म्हाताऱ्या माणसांना आधी गाठा, कागदपत्रं कुठे पळून जात नाहीत. आमच्या आतेसासूबाईंकडे जाताना मी केक नेला आणि फोनवर रेकॉर्डिंग लावून दिलं, त्या तीन तास बोलल्या, त्यातले अडीच तास शेजाऱ्यांबद्दल होते, पण उठता उठता म्हणाल्या, वरच्या खोलीत जुनं जर्मन बायबल आहे बघ. त्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर शाईने सहा ओळी, जन्म, बाप्तिस्मा, आणि एक गावाचं नाव जे आम्ही पंधरा दिवस चुकीचं वाचत होतो.

चुकीचं का, तर ती लिपी. एकोणिसाव्या शतकातलं जर्मन हस्ताक्षर म्हणजे कुरेंट, आणि ते आजच्या जर्मन पोरांनाही धड वाचता येत नाही. आपल्याकडे आजोबांचे जमिनीचे कागद मोडीत असतात आणि घरात कोणालाच लागत नाहीत, अगदी तसंच. ई आणि एन सारखेच दिसतात, लांब एस बघून एफ वाटतो, यू वर एक छोटी वाकडी रेघ असते ती दिसली तरच यू. तेव्हा तयारीत आठवडाभर रोज अर्धा तास कुरेंट गिरवायला ठेवा, वाचून नाही येत, लिहूनच येतं. ट्रान्सक्रिबस नावाचं टूल बरंच वाचून देतं, पण नावं आणि गावं स्वतःच्या डोळ्याने तपासा.

बायबल नसेल तर अमेरिकेतले कागद. १९०० च्या जनगणनेत जन्माचा महिना-वर्ष आणि अमेरिकेत आल्याचं वर्ष दोन्ही मिळतं, १८९० ची शोधत बसू नका, ती १९२१ च्या आगीत आणि त्यानंतर जवळजवळ सगळी गेली. मृत्यूच्या दाखल्यावर बहुतेक वेळा नुसतं जर्मनी किंवा प्रुशिया लिहिलेलं असतं, आणि प्रुशिया म्हणजे तेव्हाचं मोठं जर्मन राज्य, पश्चिमेच्या ऱ्हाईन नदीपासून पार पूर्वेच्या कोनिग्सबर्गपर्यंत, त्याचा काय उपयोग. त्यापेक्षा ज्या ल्युथरन (म्हणजे प्रोटेस्टंट) चर्चमध्ये त्यांचं लग्न किंवा दफन झालं तिथलं रजिस्टर मागा, पाद्री पण जर्मनच असायचे आणि ते गाव लिहायचे. नागरिकत्वाचे अर्ज १९०६ नंतरचे असतील तर तपशील भरपूर, आधीचे असतील तर अगदी दोन ओळी.

मग जहाज. हॅम्बुर्ग बंदरातून निघालेल्यांच्या याद्या १८५० ते १९३४ पर्यंतच्या आहेत आणि त्यात राहायचं गाव असतं, म्हणजे लॉटरीच. ब्रेमेनच्या जुन्या याद्या मात्र जागा नाही म्हणून तिथल्याच लोकांनी नष्ट केल्या आणि उरलेल्यातल्या बहुतेक दुसऱ्या महायुद्धात गेल्या. आमचे खापरपणजोबा कुठून निघाले असतील? ब्रेमेनहूनच. आणि हो, घरोघरी एक गोष्ट सांगतात की एलिस आयलंडवरच्या, म्हणजे न्यूयॉर्कजवळ स्थलांतरितांची तपासणी व्हायची तिथल्या, साहेबाने आमचं आडनाव बदललं. आमच्याकडेही सांगतात. पण खापरपणजोबा उतरले १८८१ ला आणि एलिस आयलंड सुरू झालं १८९२ ला. हे मी थँक्सगिव्हिंगच्या जेवणात बोलले, बोलायला नको होतं.

गावाचं नाव हातात आलं की लगेच नाचू नका. नॉयडॉर्फ म्हणजे आपलं नवेगाव, एकेका प्रांतात कितीतरी. १९१२ चं मायर्स गॅझेटियर, म्हणजे तेव्हाच्या जर्मन गावांचा कोश, ऑनलाइन फुकट आहे, त्यात गाव टाकलं की जिल्हा, नोंदणी कार्यालय, चर्च कुठलं हे समजतं. जन्ममृत्यूची सरकारी नोंदणी प्रुशियात ऑक्टोबर १८७४ पासून आणि सगळ्या जर्मनीत जानेवारी १८७६ पासून. त्याआधीचं बहुतेक सगळं चर्चच्या वह्यांत. कॅथलिक असाल तर मॅट्रिक्युला ही साइट फुकट आहे पण नोंदी पुष्कळदा लॅटिनमध्ये, प्रोटेस्टंट असाल तर आर्किऑन, तिथे पैसे भरावे लागतात, म्हणून काय शोधायचं त्याच्या याद्या पक्क्या करून एका महिन्याचाच पास घ्या आणि त्या महिन्यात झोप विसरा. सरकारी नोंदी सगळ्यांना उघड्या जन्माच्या ११०, लग्नाच्या ८० आणि मृत्यूच्या ३० वर्षांनी होतात.

नावांचा घोळ आधीच डोक्यात ठेवा. तीन तीन नावं, त्यातलं पहिलं योहान, पाचही भाऊ योहान. हाक मारायचं नाव वेगळंच, कधी रजिस्टरमध्ये त्याच्याखाली रेघ असते. बायकांच्या आडनावाला जुन्या नोंदीत शेवटी इन लागतं, म्युलरची म्युलरिन, ते वेगळं घराणं नाही.

पत्र लिहायचं असेल तर जर्मनमध्ये, सहा ओळी, एकच प्रश्न, आणि फी किती ते विचारायचं. मी एका ऑफिसला चार पानी इंग्रजी ईमेल पाठवला होता सगळ्या खानदानाच्या कथेसकट, तीन महिने शांतता. मग सहा ओळी जर्मनमध्ये पाठवल्या, नवव्या दिवशी उत्तर आलं.

जर्मन पासपोर्ट मिळेल का असं सगळ्यात आधी विचारणाऱ्यांसाठी, १९०४ च्या आधी देश सोडलेल्यांचं नागरिकत्व साधारण दहा वर्षं बाहेर राहिलं की आपोआप जायचं, त्यामुळे आमच्यासारख्यांनी ती आशा सोडावी. नाझी काळात छळ झालेल्या कुटुंबांचं वेगळं, त्यांना जर्मन घटनेत स्वतंत्र तरतूद आहे.

थडग्यासोबत फोटो काढायचा प्लॅन असेल तर तोही सोडा. जर्मनीत कबरीची जागा भाड्याने असते, वीस-तीस वर्षांनी मुदत वाढवली नाही तर दगड काढतात आणि तिथे दुसरं कोणी येतं. नवऱ्याच्या डोळ्यासमोर १७९० चा शेवाळलेला दगड होता, त्याला हे सांगितलं तर दोन दिवस गप्प होता.

आणि आमच्या केसमध्ये पुढचाच धक्का. गॅझेटियरमध्ये गाव लागलं पोमेरेनिया नावाच्या जुन्या प्रुशियन प्रांतात, रेगेनवाल्डे जिल्ह्यात. रेगेनवाल्डेचं आजचं नाव रेस्को, आणि ते पोलंडमध्ये आहे. १९४५ नंतर तिथल्या जर्मन लोकांना हाकललं, गावांची नावं बदलली, म्हणजे दार वाजवल्यावर लांबचा चुलतभाऊ निघेल असं काही नाही. वह्यांपैकी पुष्कळ युद्धात जळल्या, वाचल्या त्या पोलंडमधल्या श्चेचिन शहराच्या अर्काइव्हमध्ये वगैरे, काही पोलिश सरकारी साइटवर फुकट बघता येतात. अशा गावासाठी जुनं जर्मन आणि नवं पोलिश दोन्ही नावं एका कागदावर लिहून खिशात ठेवा, टॅक्सीवाल्याला जर्मन नाव सांगून काही उपयोग नाही. अर्काइव्हची वेळ आधी ईमेलने घ्या, शिसपेन्सिल न्या, मूळ बायबल घरीच ठेवून त्याचे फोटो न्या, आणि अख्खी वंशावळ एका पानात.

सगळं झालं, रजा मंजूर, बर्लिनचं हॉटेल बुक, मी आपली जर्मन व्हिसाचा फॉर्म भरायला बसले, माझा पासपोर्ट अजून भारताचाच आहे. तर शेंगेनचा नियम असा की ज्या देशात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. दिवस मोजले, बर्लिन तीन, पोलंड सहा. फॉर्म बंद केला आणि पोलंडच्या वकिलातीची साइट उघडली. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, म्हणजे जर्मनी पण नाहीच का?